यमुताईंच्या वाफ्याला हात लावल्याची नोंद

“पाणी घालायचं. एक दिवसाआड, सकाळचं. आणि हात लावायचा नाही.”

यमुताई जीपमध्ये बसल्या होत्या. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा, पायाशी वळकटी. सांगलीला त्यांच्या लेकीचे दिवस भरत आले होते आणि डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं होतं, म्हणून बाळंतपणाला आईच निघाली होती.

“हात म्हणजे शेंड्यांना?” मी विचारलं.

“कशालाच.”

“किडकं पान दिसलं तर?”

“दिसू दे.”

“आणि आधाराची काठी वाकली तर?”

“भालेकर,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला दोन हात आहेत ना? पाणी घालताना एकात झारी धरा आणि दुसरा खिशात ठेवा.”

मागे उभे असलेले कानडेभाऊ हसले. कानडेभाऊ म्हणजे यमुताईंचे यजमान, धरणाच्या स्टोअरचे भांडारपाल. ते घरीच राहणार होते, पण त्यांना झाडांचं सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या दृष्टीनं झाड हा माल होता. कुलूप लावलं की सुरक्षित.

जीप सुटली. मी खिशातून वही काढली.

*

८ जानेवारी १९८७. घर क्र. २१ समोरील वाफा ताब्यात घेतला. स्थिती: असमाधानकारक.

*

वहीबद्दल सांगायला हवं. धरणावर खोदलेली माती, रचलेला दगड, ओतलेलं काँक्रीट, सगळं ज्या वहीत मोजून लिहितात तिला मोजमाप वही म्हणतात. मी कनिष्ठ अभियंता होतो, वय सव्वीस. एक कोरी मोजमाप वही मी बागेसाठी उचलली होती. तिच्यात लिहिलेलं खोटं ठरलं तर माणूस निलंबित होतो. ही वही माझ्याजवळ अजून आहे आणि मी अजून निलंबित झालेलो नाही, यावरून ती कुणी तपासली नाही हे उघड आहे. म्हणून आता मीच तपासतो.

तर वाफा. घराच्या पायरीपासून कुंपणापर्यंत, तुरीच्या काठ्यांवर चढवलेले स्वीट पी ह्या वासाच्या फुलांचे वेल. यमुताईंनी गणपती उठले त्या आठवड्यात बी पेरलं होतं. आम्ही बाकीच्या शहाण्यांनी दसऱ्यानंतर पेरलं होतं, कारण आमची फुलं सव्वीस जानेवारीला भरात यायला हवीत. त्या दिवशी वसाहतीत झेंडावंदन झालं की बागांची स्पर्धा असे. आमच्याकडे थंडी अशी की पहाटे स्वेटर आणि दुपारी बनियन. पिटुनिया, फ्लॉक्स, डॉग फ्लॉवर, ही सगळी चार महिन्यांची पाहुणी मंडळी तेवढ्या थंडीवर खूश असतात. होळीनंतर ऊन चढलं की जातात.

यमुताईंचा वाफा डिसेंबरातच फुलून गेला होता. आणि आता, ऐन जानेवारीत, तिथं फुलं जेमतेम चार उरली होती. बाकी नुसत्या शेंगा, पोपटी, लवदार, वाटाण्यासारख्या. स्पर्धा अठरा दिवसांवर, आणि बाई शेंगा धरून बसलेल्या.

मला त्यांची कीव आली. माझ्या आयुष्यातले बहुतेक अपघात असेच सुरू झालेत.

*

१० जानेवारी. पाणी घातले. निरीक्षण: वेल भ्रमात आहेत.

*

हे ‘भ्रमात’ माझ्या पुस्तिकेतून आलं. बागकामाची एक पातळ पुस्तिका मी पुण्याच्या पदपथावर घेतली होती. मुखपृष्ठ नव्हतं, त्यामुळे लेखक कोण हे मला कधी कळलं नाही. त्यालाही माझ्याबद्दल कधी कळू नये. तीत लिहिलं होतं: ‘सुकलेले फूल तत्काळ काढावे. शेंग धरली की झाड समजते, आपले काम झाले. आणि ते फुलायचे थांबते.’

त्याच पुस्तिकेत असंही होतं की रोप वीतभर झालं की त्याचा शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे येतात. तिथं ‘एकदा’ असा शब्द होता. मला एकदा केलेल्या कामाचा भरवसा वाटत नाही. मी माझ्या वाफ्यातला प्रत्येक शेंडा तीनदा खुडला होता. त्यामुळे माझी रोपं बुटकी, गुबगुबीत आणि अतिशय हिरवी होती. कळ्या येतीलच, असं मी रोज म्हणत होतो.

मला स्पर्धेच्या चषकाची फार हाव होती, हे लपवण्यात अर्थ नाही. जूनमध्ये मी वसाहतीत आलो तो सर्वांत धाकटा, एकटा, आणि आल्या आल्या माझ्याकडे काम आलं ते वसाहत मोडण्याचं. धरण बांधून झालं होतं. अठ्ठावीस फेब्रुवारीपर्यंत बावीसच्या बावीस घरं रिकामी करायची होती. कोण कुठल्या तारखेला जाणार, कुठं जाणार, वीज कधी तुटणार, पाणी कधी तुटणार, ती यादी मी केली होती. मी दिसलो की बायका बोलणं थांबवत. निदान सुंदर बागेमुळे तरी कुणी माझ्या फाटकाशी थांबेल, असा माझा हिशेब होता.

*

१२ जानेवारी. शेजारधर्म पाळला.

*

वहीत एवढंच आहे. खरं काय झालं ते असं.

सकाळी एका हातात झारी होती. दुसरा हात खिशात होता. खिशात कात्री होती.

पहिली शेंग कापली तेव्हा मनाला जरा लागलं. दहावीनंतर लागेनासं झालं. पंप चालवणारे उस्मानचाचा सायकलवरून चालले होते, ते कुंपणाशी उतरले.

“साहेब, बाई काय बोलल्या होत्या?”

“पाणी घाला म्हणाल्या होत्या.”

“आणि?”

“चाचा, तुम्ही पंपाकडं बघा.”

“पंप बंद आहे.”

“मग बंद पंपाकडं बघा.”

ते बघत राहिले, माझ्याकडेच. “आमच्या घरी बाई बोलली हात नको लावू,” ते म्हणाले, “तर आम्ही बोटसुद्धा दाखवत नाही. तुमचं लग्न झालं नाही ना, म्हणून.”

मी त्यांना पुस्तिकेतलं वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, सायकलवर बसले आणि गेले.

दोन तासांत मी वाफा स्वच्छ केला. एक शेंग ठेवली नाही. वर शेंगदाण्याची पेंड भिजवून तिचं पाणी घातलं, ज्याच्या वासानं कानडेभाऊंनी दोन दिवस खिडकी उघडली नाही. शेंगांचं घमेलं माझ्या कंपोस्टच्या खड्ड्यात ओतलं आणि त्यावर उरलेली पेंड. मनात मी यमुताईंचं भाषणसुद्धा तयार केलं होतं. त्या म्हणणार होत्या, भालेकर, तुम्ही होता म्हणून. मी म्हणणार होतो, छे छे. चषक अर्थातच मला मिळालेला असणार होता. त्यांना दुसरा नंबर. त्या उदारपणानं मला रात्री झोप छान लागली.

*

२६ जानेवारी. निकाल:

*

‘निकाल’पुढे काही नाही. पुढचं पान फाडलेलं आहे. मीच फाडलं.

यमुताई पंचवीसला दिवस बुडताना परतल्या, नातीचं बारसं करून, आणि सरळ घरात गेल्या. सकाळी झेंडावंदन. त्यानंतर सगळी वसाहत धरणाच्या मोठ्या साहेबांच्या बाईंच्या मागून घराघरांसमोरून निघाली. परीक्षक त्याच होत्या.

माझ्या बागेपुढे त्या बराच वेळ थांबल्या. कळ्या शोधत असाव्यात.

“काय लावलंय?” त्यांनी विचारलं.

“डॉग फ्लॉवर, ॲस्टर आणि फ्लॉक्स.”

“कुठं?”

“हेच.”

“छान,” त्या म्हणाल्या. “मेथीसारखं दिसतंय.”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढ्यात बाईंनी मान वळवली. “अगंबाई, हा वास कुठून येतोय?”

वास घर क्रमांक एकवीसहून येत होता. कापल्यानंतर त्या वेलांनी काय केलं होतं ते मी रोज पाहत होतो, पण सगळ्यांच्या डोळ्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. काठ्या दिसत नव्हत्या. वांग्याच्या फुलाचा असतो तसा जांभळा, कडेला दुधी, फुलांवर फुलं, आणि लिंबाच्या मोहोरात मध कालवल्यासारखा वास. बायकांनी टाळ्या वाजवल्या. यमुताईंना कधी नंबर मिळाला नव्हता. त्या कधी स्पर्धेत नाव देतही नसत. साहेबांच्या बाईंनी चषक त्यांच्या हातात ठेवला.

यमुताई चषकाकडे बघत नव्हत्या. वेल वर करून, पानं बाजूला सारून, खाली वाकून काहीतरी शोधत होत्या.

मला वाटलं, आता सांगायला हवं. नाहीतर श्रेय पेंडेला जाईल.

“यमुताई, मी केलं!” मी सगळ्यांपुढं म्हणालो. “शेंगा धरल्या होत्या ना, सगळ्या काढून टाकल्या. एकही ठेवली नाही!”

पुन्हा टाळ्या पडल्या. ह्या खेपेस मला.

यमुताई सरळ झाल्या. “सगळ्या?”

“सगळ्या!”

“कुठायत?”

असं विचारलं की माणसाला उत्तर द्यावं लागतं. मी हात करून कंपोस्टचा खड्डा दाखवला.

त्यांनी चषक पायरीवर ठेवला, लोकांना तिळगूळ दिला, साहेबांच्या बाईंना चहा दिला. सगळे गेल्यावर आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

*

कानडेभाऊ बाहेर आले तेव्हा मी खड्ड्यात होतो. झेंडावंदनाचा पांढरा शर्ट, पांढरी पँट, कोपरापर्यंत पेंड. शेंगा सापडत होत्या. बोटात धरली की शेंगेची लापशी होत होती. कोवळ्याच कापलेल्या, आत बी धरलं नव्हतंच.

“वर या,” ते म्हणाले. “तुम्हाला माल दाखवतो.”

त्यांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. तो त्यांनी पायरीवर उघडला. आत पुड्या. धरणाचे रद्दी नकाशे कापून केलेल्या, निळसर कागदाच्या, सुबक, रिकाम्या. प्रत्येकीवर यमुताईंच्या अक्षरात नाव. वरची पुडी पाटीलवहिनींची. तिच्याखालची शकीलाभाभींची, म्हणजे उस्मानचाचांच्या बायकोची.

“हे काय?”

“वाण,” कानडेभाऊ म्हणाले. “रथसप्तमीला हळदीकुंकू आहे घरी. हे बी लुटणार होती ती. प्रत्येक घराला एक पुडी. नोव्हेंबरपासून नकाशे कापतेय. मला म्हणाली, कुणाला बोलायचं नाही. मी बोललो नाही. स्टोअरचा माणूस.”

आयुष्यात पहिल्यांदा मला एकही सूचना सुचली नाही.

“हे आमचं चौथं धरण,” ते म्हणाले. “पहिल्या धरणावर एका चौकीदाराच्या बायकोनं तिला मूठभर बी दिलं होतं. त्या बाईचं नाव आम्हाला आठवत नाही. पण दर गणपतीनंतर पेरताना ती म्हणते, चौकीदारीणबाई, पेरते हं.”

आतून यमुताईंचा आवाज आला. “अहो, त्यांना चहा विचारलात का? आणि आधी हात धुवायला सांगा.”

*

रथसप्तमीला यमुताईंनी बाजारातून आणलेल्या चहाच्या गाळण्या लुटल्या. बायकांना फार आवडल्या. बाईमाणसांतलं काम, म्हणून मी ते कुंपणापलीकडून पाहिलं. बायका एकेक गाळणी उन्हात धरून तिची जाळी बघत परतत होत्या. कुणालाच काही कळलं नाही, आणि यमुताईंनी मला दोष देण्याची संधी एकदाही घेतली नाही. ती घेतली असती तर मी लवकर सुटलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पायरीशी गेलो.

“पुन्हा शेंगा धरतील ना?”

“धरतायत,” त्या म्हणाल्या. “आता धरल्या तर मार्चात पिकतील. मार्चात इथं कोण असणार?”

“मी.”

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

“एप्रिलअखेरपर्यंत. रिकाम्या घरांचा ताबा द्यायचाय मला.”

“मार्चातलं ऊन पाहिलंयत का इथलं? ह्या वेलाला ते सोसत नाही. आणि पाणी अठ्ठावीसला तोडणार ना? तुम्हीच लिहिलंय यादीत.”

लिहिलं होतं. कलम सात.

“पाणी आणीन,” मी म्हणालो.

“आणि?”

दोन्ही हात खिशात घातले आणि त्यांच्यापुढं उभा राहिलो. यमुताई हसल्या नाहीत, पण पदर तोंडाला लावला.

वीस फेब्रुवारीला कानडे कुटुंबाचं सामान ट्रकात चढलं. यमुताईंनी डबा माझ्या हातात दिला. कानडेभाऊंनी स्टोअरमधली गोणपाटं दिली, वेलांवर सावली करायला. तो त्यांच्या नोकरीतला एकमेव माल जो त्यांनी सही न घेता दिला. अठ्ठावीसला उस्मानचाचा गेले. जाताना एक कावड भिंतीशी टेकवून ठेवली.

“आता पंप तुम्हीच,” ते म्हणाले. “बंद पडू नका.”

*

१ मार्च. पाणी, चार खेपा. हात लावला नाही.

३ मार्च. पाणी, चार खेपा. गोणपाट ओले केले. हात लावला नाही.

५ मार्च. खांदा सोलला. एक शेंग पिवळी. हात लावला नाही.

८ मार्च. सहा खेपा. एकविसाच्या पायरीवर बसलो. वसाहतीत माझ्याशिवाय कुणी नाही. नव्या फुलांना वास नाही, ऊन फार. हात लावला नाही.

११ मार्च. खालची पाने गेली. वेलाशी बोललो. (काय ते लिहीत नाही.) हात लावला नाही.

१४ मार्च. दुपारी ‘टक्’ असा आवाज.

*

ही वहीतली एकमेव पानं जी मी तपासली आणि खरी निघाली.

पिकलेली शेंग उन्हात पिळवटते आणि तडकते. बी लांब उडतं. पुस्तिकेत हे नव्हतं. तिच्या लेखकानं शेंग कधी पिकू दिलीच नसणार. मी वेलांखाली माझी अंथरुणाची चादर पसरली आणि चार दिवस तिच्या कडेला बसून राहिलो. टक्. मग थोड्या वेळानं कुठंतरी टक्. बी काळं, मिऱ्याएवढं. चादरीवरून वेचण्याची परवानगी आहे असं मी धरलं. चादर माझी होती.

पुड्या भरायला बसलो. ठरलं होतं त्याच्या निम्मंही नव्हतं, पण प्रत्येकीत सात-आठ पडलं. नव्या गावांचे पत्ते माझ्याकडे होतेच, त्या यादीत. कलम सातच्याच वर. वसाहत मोडायला केलेला कागद समोर ठेवून मी एकेक पाकीट लिहिलं: पैठणला, कऱ्हाडला, भंडाऱ्याला, गडहिंग्लजला. सोबत चिठ्ठी: ‘यमुताईंचं वाण. उशीर माझ्यामुळे. गणपती उठले की पेरा.’

भंडाऱ्याहून पाटीलवहिनींचं कार्ड आलं, की मिरी समजून फोडणीत घालणार होते, चिठ्ठी नंतर सापडली. उस्मानचाचांनी पुढच्या डिसेंबरात कुणाकडून तरी लिहून घेतलं: जांभळं आलं, बाई रोज वास घेते, मी बोट दाखवलं नाही. यमुताईंच्या कार्डावर एकच ओळ होती. ‘बी पोचलं, आता चौकीदारीणबाईंच्या पुढं अजून एक नाव म्हणावं लागणार.’

त्या कुणाचं नाव म्हणत असतील हे मला कळायला दोन दिवस लागले.

*

पण डबा अजून रिकामा झाला नव्हता.

सगळ्या पुड्या भरून झाल्यावर तळाशी एक उरली होती. मला वाटलं, चुकून एक जास्त केली असेल. उलटून पाहिली.

‘सौ. भालेकर यांस. (येतील तेव्हा.) ह्यांना हात लावू देऊ नये.’

नोव्हेंबरात लिहिलेलं होतं ते, बाकीच्या नावांबरोबर, त्याच शाईत. मी कात्री घेण्याच्या दोन महिने आधी. लग्न ठरलेलं नाही, मुलगी पाहिलेली नाही, मी दिसलो की बायका बोलणं थांबवतायत आणि मी आपली कळ्यांची वाट बघतोय, त्या दिवसांत ह्या बाईंनी घरं मोजताना माझं बाविसावं घरही मोजलं होतं. आणि शेजारच्या वाफ्यात माझी खुडाखुडी बघून त्यावर सूचनाही लिहून ठेवली होती.

चादर झटकली. शिवणीत अडकलेल्या तीन बिया निघाल्या. त्या त्या पुडीत घातल्या.

लग्न चार वर्षांनी झालं. पहिल्या संक्रांतीला मी ती पुडी हेमाच्या हातात ठेवली. तिनं नाव वाचलं, पुढचं वाचलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही कशाला हात लावला होता?”

तेव्हा मी काहीतरी थातूरमातूर सांगितलं. गणपतीनंतर तिनं पेरलं तेव्हा तीनांतलं एक उगवलं. त्या एका वेलाला शेंगा धरल्यापासून अंगणात फक्त तीच जात होती. आता ती दर वर्षी शेजारपाजारी पुड्या वाटते, आणि मी निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ह्या घरात कात्री कुठं ठेवलेली असते हे मला माहीत नाही.

काल तिनं ही वही बघितली. सगळी वाचली. म्हणाली, जे फाडलंत ते पान परत लिहा. मग ये-जा करणाऱ्यांना दाखवते.

लिहिलं. हेच ते.

*

आजची तारीख. वाफा फुलला आहे. शेंगा धरत आहेत. लांबून पाहिले.